क्लचच्या पायाला लागणारी धग

मे महिन्यात भर दुपारी परभणीच्या स्टँडवरून गंगाखेडकडे निघालेल्या, पुढे इंजिन असलेल्या बसमध्ये सगळ्यांत तापलेली जागा कोणती, असं प्रवाशांना विचारलं तर ते उन्हाच्या बाजूची सीट दाखवतील. ड्रायव्हरला विचारलं तर तो आपला डावा पाय दाखवेल. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि इंजिन मधोमध, म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. क्लच दाबायचा तो डाव्याच पायानं. बॉनेटचा उभा पत्रा आणि ही पोटरी यांच्यात अंतर असतं वीतभर, कधी तेवढंही नाही. बाहेर 43–44 अंश, आणि पोटरीशेजारी धडधडणारं इंजिन. उजव्या पायाला निदान खिडकीचा वारा तरी लागतो. डावा पाय दिवसभर शेकत राहतो, आणि शहरातल्या गर्दीत, स्पीड ब्रेकरला, प्रत्येक थांब्याला काम त्यालाच जास्त.

हे दुखणं फक्त एसटीच्या लाल परीचं नाही. मोटारींच्या इतिहासातली एक अत्यंत देखणी स्पोर्ट्स कार याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. 1962 मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या, छोट्या गाडीत फोर्डचं दणदणीत व्ही-8 इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. छोट्या गाडीत मोठं इंजिन म्हटल्यावर जागा कुठून तरी काढावीच लागते. ती निघाली पायांच्या जागेतून. ड्रायव्हरचे पाय ज्या अरुंद पेटीत जातात तिच्या अगदी कुशीतून तापलेले एक्झॉस्ट पाइप गेले. कोब्रा आणि तिच्या प्रतिकृती बाळगणारे लोक आजही त्या पेटीची उष्णता कमी करायला धडपडतात. वेग हवा म्हणून कोब्रात इंजिन पायाशी आलं. बसमध्ये ते आलं मजबूत, स्वस्त आणि खेड्यातल्या गॅरेजमध्येही दुरुस्त होणारी चासी हवी म्हणून. कारणं वेगळी असली तरी चटका तोच, आणि त्यावरचे उपायही तेच.

उपायांकडे वळण्याआधी उष्णता किती असते याचा अंदाज हवा. डिझेल इंजिन जेवढं इंधन जाळतं त्यातली साधारण 35 ते 40 टक्के ऊर्जा चाकांच्या कामी येते. उरलेली रेडिएटरच्या पाण्यातून, सायलेन्सरच्या धुरातून आणि इंजिनाच्या अंगावरून बाहेर पडते. इंजिन 100 किलोवॅट ताकद देत असेल त्या क्षणी दीडशे किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकली जात असते. 2 किलोवॅटचे 75 गिझर एकाच वेळी चालू असावेत तशी. पाणी 80 ते 100 अंशांत असतं, पण एक्झॉस्टचं तापमान त्याहून फार वर जातं. लोडवर असलेल्या डिझेलचा धूर 400–500 अंशांच्या पुढे जातो, पेट्रोल इंजिनाचा त्याहूनही गरम असतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून स्वतःच त्याचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेते. हवा स्वच्छ राहण्यासाठी हे हवंच. पण फिल्टर केबिनजवळ असेल तर त्या वेळी पायाखालचा पत्रा का तापला, हे ड्रायव्हरला कळायला हवं.

एवढ्या उष्णतेतला अगदी एखादा टक्का जरी केबिनमध्ये शिरला तरी पाय भाजायला तो पुरेसा आहे. तो शिरतो तीन वाटांनी: गरम हवा फटीतून आत येते, तापलेला पाइप लांबूनच किरणांनी पत्रा तापवतो, आणि तो पत्रा चटका थेट बुटापर्यंत पोचवतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा तिसऱ्या वाटेवरच इलाज होतो. पायाखाली जाड मॅट टाकतात आणि काम झालं म्हणतात. माझं ठाम मत असं की सुरुवात पहिल्या वाटेपासून करावी. खर्च सर्वांत कमी तिथे, फायदा सर्वांत जास्त तिथे, आणि जिवाचा धोकाही तिथेच आहे.

केबिनमधलं बॉनेट उघडून त्याची कड पाहा. पत्र्याच्या कडेनं रबराची बीडिंग असते. नवी असताना ती मऊ, फुगीर असते आणि बॉनेट बंद केलं की दबून फट बुजवते. दोन-तीन उन्हाळे गेले की ती कडक होते, चपटी पडते, कोपऱ्यात तुटते. बोटानं दाबून पाहिली आणि ती परत वर आली नाही, तर ती मेली असं समजावं. बीडिंगचा तुटलेला कोपरा बोटभर दिसतो. पण पंखा रेडिएटरमधून तापलेली हवा सतत बॉनेटखाली ढकलत असतो, त्यामुळे त्या पोकळीत दाब तयार होतो आणि त्या बोटभर फटीतून भट्टीचा झोत पोटरीवर येत राहतो. तीच गोष्ट गिअर लिव्हरच्या रबरी बुटाची, क्लचची दांडी जिथून खाली उतरते त्या भोकाची, स्टिअरिंगच्या रॉडभोवतीच्या फटीची. सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे वायरी आत येतात त्या भोकांचे रबरी ग्रोमेट. नवा हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना वायरमन नवं भोक पाडतो, वायर ओवतो आणि ग्रोमेट न लावता निघून जातो.

इथे खिडकीचा एक डाव असतो, तो ओळखला पाहिजे. गरम होतंय म्हणून ड्रायव्हर आपली खिडकी पूर्ण उघडतो. गाडी धावत असताना खिडकीबाहेरून सुसाट जाणारी हवा आतली हवा बाहेर ओढते. बसमध्ये तर बऱ्याचदा हवा मागच्या खिडक्यांतून आत येते आणि पुढच्या खिडक्यांतून बाहेर जाते. म्हणजे ड्रायव्हरच्या आसपास दाब कमी झालेला असतो आणि बॉनेटखाली जास्त. फटी उघड्या असतील तर उघडी खिडकी इंजिनाची हवा पायाजवळून आणखी जोरानं ओढते. चेहऱ्याला वारा लागतो म्हणून बरं वाटतं, पाय मात्र जास्त भाजतात. डॅशबोर्डवर लावलेला छोटा पंखा आतलीच हवा फिरवतो. घाम वाळतो तेवढाच आराम. याला खरा उतारा म्हणजे समोरून, शक्य तितक्या उंचावरून बाहेरची हवा आत घेऊन ती पायाशी सोडणारा डक्ट. उंचावरून अशासाठी की उन्हाळ्यात डांबर 60 अंशांच्या वर तापतं आणि रस्त्यालगतची हवा अंगाला लागणाऱ्या हवेपेक्षा गरम असते. आत हवा ढकलली की केबिनचा दाब वाढतो आणि फटीतला झोत उलटा फिरतो.

जिवाचा धोका म्हटलं तो कार्बन मोनॉक्साइडचा. मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं असेल किंवा सायलेन्सरला तडा असेल, तर ज्या फटीतून गरम हवा येते त्याच फटीतून हा वायूही येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरून ठेवतं. लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, गुंगी. आपल्या भागात मे महिन्यात कुणाचं डोकं दुखलं की ‘ऊन लागलं’ म्हणून विषय संपतो. पण गाडीत बसल्यावरच दुखत असेल आणि खाली उतरून तासाभरात बरं वाटत असेल, तर एक्झॉस्ट तपासल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नये.

फटी शोधण्याची मिस्त्री लोकांची युक्ती साधी आहे. रात्री इंजिन बंद करून बॉनेटखाली पेटता दिवा ठेवायचा, केबिनमधले दिवे मालवायचे आणि पायाच्या जागेत वाकून पाहायचं. जिथून उजेड दिसेल तिथून हवा येते. चालू इंजिनावर उदबत्ती फटीजवळ धरली की धूर कुठल्या दिशेला वाकतो तेही दिसतं. फक्त डिझेलची गळती असेल तर उदबत्ती पेटवू नये.

दुसरी वाट किरणांची. चुलीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि मध्ये कुणी आडवं आलं की लगेच थंड वाटतं, ते याच वाटेमुळे. तापलेला पदार्थ किती किरण सोडतो हे त्याच्या केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. 300 अंश सेल्सिअसचा गंजलेला पाइप दर चौरस मीटरमागे साडेचार हजार वॅटच्या आसपास उष्णता किरणांनी बाहेर टाकतो. परभणीच्या भर दुपारच्या उन्हात हाच आकडा साधारण 1000 वॅट असतो. पाइप 300 वरून 400 अंशांवर गेला की ही किरणं जवळजवळ दुप्पट होतात. चढावर लोड गाडी ओढताना धग एकदम वाढल्यासारखी वाटते, त्यामागे हा चौथा घात आहे.

यावरचा इलाज फार सुंदर आहे. चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पाइप आणि फ्लोअरच्या मध्ये लावला, तर त्याच्यावर पडणारी नव्वद टक्क्यांहून जास्त किरणं तो परत फिरवतो. अट दोन गोष्टींची: पत्रा पाइपलाही चिकटता कामा नये आणि फ्लोअरलाही नाही. दोन्हीकडे बोटाच्या पेराएवढी, साधारण 10 ते 25 मिलिमीटर पोकळी हवी, म्हणजे मधली हवा वाहत राहते आणि पत्र्याची उष्णता घेऊन जाते. ॲल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक आहे. तो फ्लोअरला टेकला की चटका सरळ आत. म्हणून बोल्टखाली जाड स्पेसर लागतात. घरात पोळ्या गुंडाळायचा फॉइल फ्लोअरला खालून चिकटवण्याचा उद्योग काही जण करतात. त्यावर तेल आणि धुळीचा थर बसला की तो काळा पडतो आणि चकाकीबरोबर त्याचा उपयोगही जातो. हीट शील्ड अधूनमधून पुसलं पाहिजे, हे वाहनाच्या देखभालीत कुणी धरत नाही. टर्बो किंवा पेट्रोलच्या मॅनिफोल्डला अगदी लागून शील्ड लावायचं असेल तर ॲल्युमिनियम नको, स्टेनलेस स्टील घ्यावं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं.

पाइपलाच फायबरग्लासची पट्टी गुंडाळण्याची पद्धत शर्यतीच्या गाड्यांतून आली. उष्णता धुरातच राहते आणि सायलेन्सरमधून मागे निघून जाते. कोरड्या हवेत ती चांगली चालते. पावसाळ्यात तीच पट्टी पाणी धरून ठेवते आणि तिच्याखाली पाइप गंजतो. तिच्यात इंजिनचं तेल किंवा डिझेल मुरलं तर ती पेटूही शकते. जुन्या, तेल गळणाऱ्या इंजिनावर ती मी तरी सुचवणार नाही.

आता तिसरी वाट, पत्र्याची. पोलाद उष्णता जितक्या सहज वाहून नेतं त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकीही काचलोकर नेत नाही. म्हणून फ्लोअरवर आतून इन्सुलेशन घालणं योग्यच आहे, फक्त माल पाहून घ्यावा. ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारे काळे, जड, चिकट शीट आवाज आणि थरथर कमी करायला असतात. उष्णता अडवण्यात त्यांचा वाटा थोडा, आणि डांबराचे असतील तर एक्झॉस्टच्या बाजूला तापून वास मारतात. उष्णतेसाठी हवा भरलेला, हलका माल लागतो: एका बाजूला फॉइल असलेला फोम, किंवा बॉनेटच्या आतून पत्र्याच्या कव्हरखाली दाबून बसवलेली काचलोकर. ती उघडी राहिली तर तिचे तंतू हवेत उडतात आणि ओली झाली तर तिचा उपयोग संपतो.

आपल्या ड्रायव्हरांचा स्वतःचा उपाय म्हणजे बॉनेटवर टाकलेलं गोणपाट, आणि त्यावर अधूनमधून बाटलीतलं पाणी. या उपायाला मी मनापासून मान देतो, कारण तो मराठवाड्याच्या हवेला अचूक जुळतो. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषून घेतं. गोणपाटातून तासाला एक लिटर पाणी उडालं तर 650 वॅटच्या वर उष्णता बॉनेटच्या अंगातून कमी होते. मे महिन्यात परभणीची हवा इतकी कोरडी असते की उघड्या पात्रातलं पाणी दिवसाला 10 मिलिमीटरच्या पुढे उडून जातं. या हवेत गोणपाट भराभर वाळतं, म्हणजेच भराभर थंडावा देतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तीच युक्ती निम्मीही चालणार नाही, आणि आपल्याकडेही मृग लागला की तिचा जोर जातो. पथ्य एवढंच: पाणी वायरिंगवर गळू देऊ नये, आणि वाळलेलं गोणपाट एक्झॉस्टच्या बाजूला लोंबकळत ठेवू नये. ते पेट घेतं.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी, कारण त्याला केबिनच नाही. रब्बी निघाल्यावर काळ्या रानात उन्हाळी नांगरणी चालते ती नेमकी एप्रिल-मे मध्ये. इंजिन पूर्ण जोरात आणि वेग माणसाच्या चालण्याएवढा, त्यामुळे समोरून वारा असा लागतच नाही. रेडिएटरचा पंखा हवा मागे फेकतो आणि मागे बसलेला असतो चालक. वारा पाठीमागून असला की ती गरम हवा ट्रॅक्टरभोवतीच घुटमळते. पायाखाली गिअरबॉक्स, त्यातलं तेलही तापलेलं. इथे दोन गोष्टींनी फरक पडतो. बॉनेटच्या मागच्या टोकाला, स्टिअरिंगच्या पुढे, आडवा पत्रा असा लावायचा की गरम हवा खाली आणि बाजूला वळेल, नडगीवर येणार नाही. काही ट्रॅक्टरांना तो कारखान्यातूनच येतो; दुरुस्तीत काढला की परत बसवला जात नाही. दुसरं म्हणजे रेडिएटरची जाळी. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून थ्रेशर चालवतो आणि भुसा जाळीत गच्च बसतो. तो तसाच ठेवून उन्हाळ्यात नांगरट सुरू केली की पाणी उकळायला लागतं आणि त्याची सगळी झळ पायावर येते. कंप्रेसरची हवा इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारावी. समोरून मारली तर भुसा आणखी आत रुततो.

कारवाल्यांसाठी एक वेगळं कारण नोंदवतो. आपल्याकडे हीटर कुणी वापरत नाही, म्हणून तो आहे याचाच विसर पडतो. डॅशबोर्डखाली पायाजवळ त्याचा छोटा रेडिएटर असतो. बऱ्याच गाड्यांत त्यातून 90 अंशांचं पाणी सतत फिरत असतं आणि फक्त एक झडप त्याची हवा अडवते. ती नीट बंद होत नसेल तर एसी चालू असूनही पाय गरम राहतात.

हे सगळं नुसत्या सोयीसाठी नाही. चटक्याचा हिशेब तापमानाबरोबर वेळेचाही असतो. उघड्या कातडीला 51 अंशांची वस्तू मिनिटभर टेकली तर भाजतं, 48 अंशांची दहा मिनिटांत भाजते, आणि आठ तास टेकून राहिली तर 43 अंशही पुरतात. ड्यूटी असते तासन् तासांची. त्यातून मधुमेहानं पायाची संवेदना गेलेली असेल तर चटका कळतच नाही. रात्री चप्पल काढल्यावर फोड दिसतो, आणि अशी जखम बरी व्हायला महिने लागतात. साखर असलेल्या ड्रायव्हरनं पातळ स्लीपर घालून गाडी चालवू नये. जाड तळव्याचा बंद बूट आणि सुती मोजे उन्हाळ्यात नकोसे वाटतात, तरीही तेच घालावेत.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पाथरी-मानवतवरून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 61 वर उन्हाळ्यात उभं राहून पाहिलं की हा नियम किती गरजेचा होता ते कळतं. मात्र एसी म्हणजे हवाबंद काचा, आणि बीडिंग फाटलेली असेल तर त्याच काचांआड धूरही कोंडतो. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ 1 जून 2022 ला पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली. 1948 ची पहिली एसटीही त्याच तारखेला त्याच मार्गावर धावली होती. विजेच्या बसमध्ये पायाशेजारी जळणारं इंजिनच नसतं. पण आज रस्त्यावर असलेल्या हजारो डिझेल गाड्या, ट्रॅक्टर आणि जुने ट्रक अजून बरीच वर्षं चालणार आहेत, आणि त्यांच्या बीडिंगचं मीटरभर रबर सीट कव्हरच्या दुकानातही मिळतं.

काम होळीच्या आधी काढावं. आधी एक्झॉस्टची गळती, मग फटी, मग शील्ड, शेवटी मॅट. इन्फ्रारेड थर्मामीटरनं आधीचं आणि नंतरचं तापमान मोजून ठेवावं. चकचकीत पत्र्यावर तो फार कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. आणि फटी बुजवण्याच्या भरात इंजिनखालची मोकळी जागा पत्र्यानं बंद करू नये. रेडिएटरमधून आत आलेली हवा तिथूनच बाहेर पडते. ती वाट अडली की बॉनेटखालचा दाब वाढतो, इंजिन तापतं आणि नवी बीडिंगही झोताला पुरी पडत नाही.